पोस्टमन आप्पांचं पुस्तक आणि पान एकसष्ट

अध्यक्षांनी पुस्तक मधूनच उघडलं आणि म्हणाले, "नमुन्यादाखल दोन ओळी वाचून दाखवतो." सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आमच्या वाचनालयाला कुणी पुस्तक भेट दिलं की छोटासा कार्यक्रम करायची पद्धत आहे. नारळ, गुलाबाचं फूल, चहा. अध्यक्ष पुस्तक छातीशी धरून फोटोला उभे राहतात आणि मग ते माझ्या टेबलावर ठेवून घरी जातात. उघडायचं नसतं. बावीस वर्षं मी इथं ग्रंथपाल आहे. एवढ्या काळात एकाही अध्यक्षानं भेट आलेलं पुस्तक उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी रावसाहेबांना काय बुद्धी झाली कोण जाणे.

"पान सतरा," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "मुक्कामे. या घराण्याचे आजोबा अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला सासुरवाडीला गेले, ते..."

इथं ते थांबले. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. समोर बसलेल्या पंधरा-वीस माणसांनी माना खाली घातल्या. खांदे मात्र सगळ्यांचे हलत होते.

"वेळेअभावी इथंच थांबतो," म्हणाले आणि चहा न घेताच खाली बसले.

आता तुम्हाला सगळं सांगायला हवं. आमचं गाव राहाता तालुक्यातलं. नाव सांगत नाही, का ते पुढं कळेलच. निम्मं गाव शेळके. नावं ठेवताना आमच्याकडे फार कल्पकता दाखवत नाहीत. भाऊसाहेब, बाळासाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब, नानासाहेब. एवढ्यात सगळं गाव बसतं. एका वेळी भाऊसाहेब शेळके सहा आणि बाळासाहेब शेळके आठ, अशी आमची परिस्थिती. मग ओळखायचं कसं? टोपणनावानं. प्रत्येक घराला एक टोपणनाव आहे आणि त्यामागं एक भानगड आहे. तोंडावर ते कुणी घेत नाही. पाठीमागं दुसरं नाव कुणी घेत नाही.

पुस्तक लिहिणारे गंगाधर आप्पा. सगळी नोकरी त्यांनी गावात पोस्टमन म्हणून केली, सायकलवर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी 'मुलगी पसंत आहे, बैठकीला या' असं पत्र त्यांनी भलत्याच भाऊसाहेबांच्या घरात टाकलं. हे भाऊसाहेब दोन लेकरांचे बाप. पत्र पडलं बायकोच्या हाती. त्या घरात आप्पांना पुढं वर्षभर पाणी विचारलं नाही, आणि भाऊसाहेबांना दोन दिवस जेवण. तेव्हापासून आप्पांनी एक वही लिहायला घेतली. कोणतं घर, टोपणनाव काय, ते का पडलं, ओळखायचं कसं. निवृत्त झाल्यावर ती वही त्यांनी राहात्याच्या एका छापखान्यातून छापून आणली. नाव दिलं, 'आमच्या गावची टोपणनावे: उगम व पत्ते'. मुखपृष्ठावर सायकलसह स्वतःचा फोटो.

प्रती त्यांनी कुणाला वाटल्या नाहीत. "घरोघर दिलं तर भांडनं हुत्याल," म्हणाले. "वाचनालयात ठिवा. ज्याला वाचायचं त्यो यील." एकच प्रत आम्हाला दिली.

कार्यक्रम संपल्यावर रावसाहेब माझ्या टेबलापाशी आले. मुक्कामे हे त्यांचंच घर, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. अधिक महिना येतो तीन वर्षांतून एकदा. रावसाहेबांचे आजोबा एका धोंड्याला सासुरवाडीला गेले आणि पुढचा धोंडा जेवूनच परत आले.

"मॅडम, हे पुस्तक निर्लेखित करा," रावसाहेब म्हणाले.

निर्लेखन म्हणजे वाचनालयातून पुस्तक काढून टाकणं. पानं सुटलेली, वाळवी लागलेली, कुणी वाचत नाही अशी पुस्तकं यादी करून, ठराव करून काढावी लागतात. नाहीतर कपाटं रद्दीनं भरतात. यात वाईट काही नाही. शेतात खुरपणी असते तसंच आहे.

"साहेब, पुस्तकाचा डिंक अजून ओला आहे," मी म्हणाले. "कशासाठी काढू?"

"वादग्रस्त आहे."

"मग ते निर्लेखन नाही होणार. ती सेन्सॉरशिप झाली."

"सेन्सॉर पिक्चरला असतो. पुस्तकाला कुठला आलाय?"

मग मी त्यांना समजावून सांगितलं. अहाहा, काय सांगितलं! मी म्हणाले, साहेब, पुस्तक ठेवायचं की काढायचं हे ठरवताना मी विचारते, वाचकाला याचा उपयोग आहे का? हे झालं माझं काम. पण 'वाचकाच्या हाती हे पडता कामा नये' असं म्हणून कुणी पुस्तक काढत असेल, तर ती सेन्सॉरशिप. पुस्तक तेच, कपाट तेच, काढणारी मीच. फरक फक्त मनात काय आहे याचा.

रावसाहेबांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "अहो, यंदा अधिक महिना आहे. आमच्या पल्लवीचं लग्न होऊन पहिलाच धोंडा. जावई येणार आहेत पुण्याहून. इंजिनिअर आहेत. शिकलेला माणूस, वाचायची आवड. ते इथं येऊन बसले तर?"

मला त्यांची दया आली, पण तत्त्व ते तत्त्व. "साहेब, माझ्या वाचनालयात असं चालणार नाही," मी ठणकावलं. त्या दिवशी दुपारभर मी स्वतःवर फार खूश होते.

संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या आधी म्हटलं, बघावं तरी आप्पांनी लिहिलंय काय. मजेदार होतं हो! 'आधीजेवे' म्हणून एक घर आहे. त्यांची वरात चुकून भलत्याच गावात गेली. तिथंही त्या दिवशी लग्न होतं. मंडळी आधी जेवली, नवरी वेगळी आहे हे नंतर कळलं. 'सायलेन्सर' म्हणजे अण्णासाहेब, आमच्या मंडळाचे सभासद. त्यांच्या कुजबुजण्यानं गोठ्यातली जनावरं उठतात. मी एकटीच खिदळत होते. आमचे शिपाई बबनराव दोनदा डोकावून गेले.

मग आलं पान एकसष्ट.

'उद्याबाई. वाचनालयाच्या बाई. माहेर केडगाव. कोणतेही काम सांगा, उद्या या म्हणतात.'

मी पुस्तक फाडकन मिटलं. कानशिलं तापली माझी. उद्याबाई? मी? बावीस वर्षं या गावाला पुस्तकं वाचायला देतेय, परीक्षेच्या दिवसांत रविवारीसुद्धा संध्याकाळपर्यंत बसतेय, आणि मला हे? मी कधी कुणाला उद्या या म्हणते? तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. "बाई, पुस्तक बदलून मिळंल का?" मी न बघताच म्हणाले, "उद्या या." बबनरावांना ठसका लागला.

घरी गेले. नवरा कोथिंबीर निवडत बसला होता.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"उद्याबाई."

त्यानं कोथिंबीर खाली ठेवली. पुन्हा उचलली. "दूध उतू जातंय का बघ जरा," म्हणाला.

"दूध अजून तापवलंच नाही मी. कधीपासून माहीत आहे?"

"मुलगा बालवाडीत होता तेव्हापासून," तो म्हणाला. मुलगा आता नोकरीला आहे. आपलं टोपणनाव आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं, हे मला त्या दिवशी समजलं. त्या संध्याकाळी मी त्याला फक्त वरण-भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकाकडे व्यावसायिक नजरेनं पाहिलं. तुम्हाला सांगते, त्यात खरोखर दोष होते. अनुक्रमणिका नाही. बांधणी कच्ची. मुखपृष्ठावर लेखकापेक्षा सायकल मोठी. मी ते स्टीलच्या कपाटात ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली, 'प्रक्रियेत'. बबनरावांना बजावलं, "हे कुणालाही द्यायचं नाही."

"बरं," ते म्हणाले.

इथं दाखल क्रमांक म्हणजे काय ते सांगते. प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते आणि त्याला नंबर पडतो. शिक्का मारला, नंबर घातला की पुस्तक वाचनालयाचं झालं. तोवर ते नुसता टेबलावर पडलेला कागद. काम पाच मिनिटांचं. नंबर पडल्यावर मात्र कुणाही सभासदाला ते नाकारता येत नाही.

दुपारी चारला आप्पा आले. पांढरा सदरा, टोपी, हातात ती जुनी सायकल. ती आता ते चालवत नाहीत, नुसती धरून चालतात.

"ताई, नंबर पडला का?"

"अजून नाही, आप्पा. उद्या या."

ते गेले. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा हजर. "ताई, पडला का?" "उद्या या, आप्पा." तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. आप्पा एका शब्दानं रागावत नव्हते. बाकावर पाच मिनिटं बसायचे, पाणी प्यायचे आणि निघायचे. पोस्टात इतकी वर्षं काढलेला माणूस. वाट बघायचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं ते मला.

एकदा मी विचारलं, "आप्पा, नंबराची एवढी काय घाई?"

"घाई न्हाई वो," ते म्हणाले. "पर ताई, उभ्या गावाची पत्रं मी वाटली. माझ्या नावाचं पत्र कंदी आलं न्हाई. कोन टाकनार? सगळं घर हितंच. म्हंटलं, कुटंतरी आपली नोंद पायजे. तुमच्या वहीत एक ओळ. बास."

मी म्हणाले, "होईल आप्पा. उद्या." जीभ चावली, पण शब्द गेला होता.

इकडे गावात वेगळीच धामधूम. रोज कुणीतरी यायचं. "बाई, ते पुस्तक काढून टाका, आमची बदनामी हाय त्यात." मी म्हणायचे, बघते. मग तोच माणूस आवाज खाली आणायचा. "पर काढायच्या आधी पलीकडच्या बाळासाहेबाचं पान दावता का जरा?" एक आजी तर काठी टेकत आल्या. त्यांना स्वतःच्या सुनेच्या माहेरचं पान हवं होतं, आणि त्यासाठी त्या सभासद व्हायलाही तयार होत्या. त्या आठवड्यात आमच्याकडे जेवढे लोक आले तेवढे ग्रंथदिंडीलासुद्धा येत नाहीत.

शेवटी रावसाहेबांनी कार्यकारी मंडळाची सभा लावली. विषय एकच.

"ठराव असा," ते म्हणाले, "की सदर पुस्तक निर्लेखित करावे. मॅडम, लिहा."

"कारण काय लिहू, साहेब? यादीत कारणाचा रकाना असतो."

"काय काय कारणं चालतात?"

"जीर्ण, वाळवी, पाने गहाळ, कालबाह्य."

"कालबाह्य लिहा," नानासाहेब म्हणाले. हे आधीजेवे.

"परवा छापलंय ते."

"मग वाळवी," अण्णासाहेब सायलेन्सर गरजले. बाहेर झाडावरचे कावळे उडाले. "माझ्या जुन्या गोठ्यात मोप वाळवी हाय. चार दिवस तिथं ठिवू. लई मन लावून खाती."

"आणि नाही खाल्लं तर?" नानासाहेबांनी शंका काढली. "मागं आमच्या सोसायटीच्या फायली ठिवल्या, त्यांना तोंड न्हाई लावलं तिनं. अण्णा, तुमची वाळवी निवडून खाती."

यावर दहा मिनिटं चर्चा झाली. वाळवीला पुस्तकाची गोडी लागावी म्हणून पानांना गुळाचं पाणी लावावं, अशी सूचना आली. मी हे सगळं इतिवृत्तात लिहायचं की नाही, या विचारात पडले. इतिवृत्त म्हणजे सभेत जे झालं त्याची लेखी नोंद. ते वरचे अधिकारी तपासणीला आले की वाचतात.

"पाने गहाळ, हे बरं आहे," रावसाहेब म्हणाले. "सबंध पुस्तक काढायला नको. पान सतरा गहाळ झालं तरी पुरे."

"आणि एकसष्ट," मी म्हणाले.

माझ्या तोंडून कसं निघून गेलं, मलाच कळलं नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अण्णासाहेबसुद्धा गप्प.

रावसाहेबांनी चष्मा काढला. "मॅडम," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "ती परवाची तुमची सेन्सॉरशिप का काय ती... ती कुठं गेली?"

मी पदरानं कपाळ पुसलं. खरं सांगते, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मग एकदम मला नियम आठवला आणि मी तो दोन्ही हातांनी धरला. "साहेब, मुळात याला दाखल क्रमांकच पडलेला नाही. ज्याची नोंद नाही ते निर्लेखित करता येत नाही. काढायचं तर आधी दाखल करावं लागेल."

"मग करा दाखल आणि टाका काढून."

"दाखल झालं की लोक मागतील. नाही म्हणता येणार नाही."

सगळे विचारात पडले. पुस्तक घालवायचं तर आधी घ्यायला लागत होतं. शेवटी ठराव झाला तो असा, 'सदर पुस्तकाबाबत निर्णय पुढील सभेत घेण्यात यावा.' म्हणजे उद्या या. फरक एवढाच की यावर सगळ्यांच्या सह्या होत्या.

पुढच्या रविवारी रावसाहेबांचे जावई आले. घरी पुरण वाटायचं चाललेलं. जावयाला करमेना. त्यांच्या घरासमोरच वाचनालय. रविवारी मी अर्धा दिवस उघडते, पण त्या दिवशी परीक्षेची मुलं होती म्हणून दुपारीही थांबले होते. पावणेचारच्या सुमाराला हे उंच, हसरं पोरगं आत आलं. पायातले बूट बाहेर नीट जोडीनं काढून ठेवले. मला बरं वाटलं.

"नमस्कार मॅडम. टोपणनावांचं पुस्तक आलंय म्हणे?"

"ते प्रक्रियेत आहे. उद्या या."

"उद्या मी नसणार ना. एकाच दिवसासाठी आलोय."

"मग पुढच्या वेळी."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तुम्हीच का त्या पान एकसष्टच्या?"

मी हातातला शिक्का खाली ठेवला. "तुम्ही कुठं वाचलंत?"

"गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलंय की, तुम्ही नाही वाटतं त्यात. पल्लवीच्या मोबाईलवर बघितलं. रोज एक पान येतं. सगळी वाचली मी. एकच पान आलेलं नाही, पान सतरा. तेवढंच वाचायला आलोय. जे येत नाही त्यात काहीतरी असणार."

मी वळून बबनरावांकडे पाहिलं. बबनराव झाडू घेऊन एकाच फरशीला घासत होते.

"बबनराव! मी काय सांगितलं होतं?"

"तुमी म्हनला कुनाला द्यायचं न्हाई. मी दिलं कुटं? फोटू काढला."

"आणि माझं पान पहिलं टाकलंत?"

"लोकांची मागनी हुती," ते खाली बघत म्हणाले. "अध्यक्षसाहेबांचं न्हाई टाकलं मी. नोकरी हाय, बाई."

आता बघा. मी पुस्तक कपाटात कोंडलं, किल्ली पर्समध्ये ठेवली. दुसरी किल्ली शिपायाकडे असते हे बावीस वर्षांत मला आठवलं नाही. पंधरा दिवस मी जे लपवत होते ते गावानं पहिल्याच दिवशी वाचून, हसून, विसरूनही टाकलं होतं. ते वाचायचं राहिलं होतं फक्त माझं. कसं ते सांगते.

आप्पा कधी आले कळलं नाही. रविवार असूनही चारच्या ठोक्याला दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं बहुतेक. टोपी हातात घेऊन म्हणाले, "ताई, राग मानू नगा. पर तुमी खालची टीप वाचली का?"

"कसली टीप?"

"प्रत्येक घराखाली टीप हाय. पोस्टमनला उपेगी पडावी म्हनून."

मी कपाट उघडलं. पान एकसष्ट काढलं. 'उद्या या म्हणतात' इथं मी पुस्तक मिटलं होतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. 'टीप: उद्या गेल्यास वाचनालय उघडे असते, बाई जागेवर असतात आणि काम होते. आजवर यात खंड पडलेला नाही.'

मला लाज वाटली. खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी बघू नये म्हणून मी टेबलाखाली वाकून उगाच पेन शोधलं. हा माणूस पंधरा दिवस रोज चारला येत होता. त्यानं छापून ठेवलं होतं की उद्या गेलं की बाई काम करतात. त्याचं ते वाक्य मी पंधरा वेळा खोटं पाडलं होतं.

मी दाखल नोंदवही काढली. तारीख, लेखक, शीर्षक, देणगीदार. नंबर घातला. शिक्का पहिल्या पानावर मारला, सतराव्यावर मारला, आणि एकसष्टाव्यावर तर इतक्या जोरात मारला की शेजारी अभ्यास करणारी मुलगी दचकली. पाच मिनिटं लागली नाहीत.

"आप्पा, पडला नंबर."

आप्पांनी नोंदवहीतल्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाले, "एका कागदावर लिवून द्या." मी दिला. त्यांनी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबून बघितला.

पहिले वाचक अर्थातच जावई. उभ्याउभ्याच त्यांनी पान सतरा मोठ्यानं वाचलं. '...ते पुढचा धोंडा जेवूनच परत आले. टीप: सासऱ्यांची विहीर कोरडी होती. जावयाने तीन वर्षे राहून ती खोदली, बांधली, पाणी लागल्यावरच निघाले. त्या गावात आजही त्यांच्या नावाने नारळ फोडतात. पत्ता: मारुतीमागील घर, कुत्रे बांधलेले असते.'

तेवढ्यात रावसाहेब धावत आले. चहाला बोलवायला आले असावेत. जावयाच्या हातात पुस्तक बघून चेहरा पडला त्यांचा. दारातच थबकले.

"बाबा," जावई म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलंच नाही! एवढी मोठी गोष्ट!"

"कोणती?" रावसाहेब कसेबसे म्हणाले. त्यांनीही टीप वाचली नव्हती. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग छाती जरा पुढं आली. "हां, विहिरीचं ना," म्हणाले. "आमच्या घराण्यात ते आहेच."

सगळं छान झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. आप्पा दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा आले आणि खिशातली चिठ्ठी माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "ह्या नंबराचं पुस्तक द्या." मी म्हणाले, आप्पा, तुमच्या घरी याच्या पेटीभर प्रती आहेत. "त्या माज्या हायत," ते म्हणाले. "ही गावाची हाय." सही करून घेऊन गेले आणि दोन दिवसांनी वेळेवर परत केली. आता एकच तक्रार राहिली आहे. पुस्तकात ज्यांचं टोपणनाव यायचं राहून गेलं अशी चार घरं रोज येतात. आम्ही गावात राहत न्हाई का, म्हणतात. आप्पांनी पुरवणी लिहायला घेतली आहे.

बावीस वर्षांच्या नोकरीत मी जे शिकले ते एवढंच. पुस्तक दडपायला बंदी लागत नाही, ठराव लागत नाही, वाळवी तर नाहीच नाही. नुसतं 'उद्या या' पुरतं. आणि ज्याला पुस्तक दडपायचं असतं त्यानं ते पान पूर्ण वाचलेलं नसतं. मी नव्हतं वाचलं.

आणि हो, जावई. ते एका दिवसासाठी आले होते. पान सतरा वाचून त्यांना इतका उत्साह आला की त्यांनी पुण्याला फोन केला आणि घरूनच काम करायची परवानगी मिळवली. 'मुक्काम ही या घरची परंपरा आहे,' असं ते सगळ्यांना सांगतात. रावसाहेबांना त्यांच्यासाठी वायफाय घ्यावं लागलं. रावसाहेबांच्या आवडत्या आरामखुर्चीत जावई लॅपटॉप घेऊन बसतात. सासूबाई हौसेनं रोज पुरण घालतात. रावसाहेबांना शुगर असल्यामुळं त्यातलं काही चालत नाही.

बाविसाव्या दिवशी रावसाहेब वाचनालयात आले. दार लोटून घेतलं. इकडं तिकडं पाहिलं. थकलेले दिसत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ते पुस्तक निर्लेखित करता येईल का हो?"

मी नोंदवहीतून मान वर केली.

"उद्या या, साहेब."